ठक्करबाप्पांना लिहिलेले पत्र (डॉ. आंबेडकर, १९३२)

ठक्करबाप्पांना लिहिलेले पत्र हे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१ – ६ डिसेंबर १९५६) यांनी अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर यांना १४ नोव्हेंबर १९३२ रोजी लिहिलेले इंग्रजी पत्र आहे. तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला जात असताना पोर्ट सैद येथे ‘व्हिक्टोरिया’ या जहाजावरून ते लिहिले गेले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या अस्पृश्यता निवारण संघाने कोणते कार्य करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोणाकरवी करावे याचा तपशीलवार आराखडा त्यात आहे. न्याय आणि प्रेम यांच्या परस्परसंबंधाविषयी आंबेडकरांनी केलेले सर्वात नेमके विधान या पत्राच्या अखेरच्या भागात येते. स्पृश्य आणि अस्पृश्य यांना कायदा एकत्र बांधून ठेवू शकणार नाही, ते काम केवळ प्रेमच करू शकेल. मात्र कुटुंबाच्या बाहेर प्रेमाची शक्यता फक्त न्यायामुळेच निर्माण होते, असा त्या विधानाचा आशय आहे.

पार्श्वभूमी

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅमसे मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला आणि अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध महात्मा गांधींनी येरवडा कारागृहात २० सप्टेंबरपासून उपोषण आरंभिले. २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा अशी तडजोड आंबेडकरांनी मान्य केली. उपोषणाच्या दिवसांत देशभर मंदिरे आणि विहिरी खुल्या झाल्याच्या वार्ता येत होत्या. ठिकठिकाणी सहभोजने होत होती.

या वातावरणात ३० सप्टेंबर १९३२ रोजी मुंबईत पंडित मदनमोहन मालवीय यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सभेत अस्पृश्यता निवारणासाठी अखिल भारतीय संस्था स्थापण्याचे ठरले. घनश्यामदास बिर्ला तिचे अध्यक्ष आणि ठक्कर सरचिटणीस झाले. हीच संस्था पुढे हरिजन सेवक संघ या नावाने ओळखली गेली. आरंभीच्या मध्यवर्ती मंडळात आंबेडकरांचाही समावेश होता.

ठक्कर (१८६९–१९५१) मूळचे भावनगरचे व व्यवसायाने अभियंता होते. मुंबई महानगरपालिकेच्या नोकरीत त्यांनी सफाई कामगारांच्या वस्त्या जवळून पाहिल्या होत्या. नोकरी सोडून १९१४ मध्ये ते भारत सेवक समाजाचे सदस्य झाले आणि १९२२ मध्ये त्यांनी भिल्ल सेवा मंडळ स्थापन केले. पत्र अशा निरलस सेवाव्रती माणसाला लिहिलेले असल्याने त्यातील मतभेद व्यक्तिगत रागातून आलेला नाही. सेवेची दिशा कोणती असावी, एवढाच त्यातील वाद आहे.

महाडचा अनुभव

पत्रातील भूमिका समजण्यासाठी पाच वर्षे मागे जावे लागते. रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावानुसार मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा इत्यादी अस्पृश्यांना खुल्या करण्याचे धोरण स्वीकारले होते. कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यातील महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठरावही केला. ठराव झाला, पण पाण्याला हात लावण्यास कोणी धजावले नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हाही प्रतिनिधींच्या पिण्याच्या पाण्यासाठी चाळीस रुपये मोजून पाणी विकत घ्यावे लागले. तळे मात्र गावातच होते.

२० मार्च रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. काही वेळातच हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार असल्याची अफवा उठली आणि परतीच्या तयारीत असलेल्या प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. कित्येकांनी मुस्लिम कुटुंबांच्या घरांत आश्रय घेतला. प्रतिकार करण्यास उत्सुक असलेल्या आपल्या अनुयायांना आंबेडकरांनी आवरले. त्यानंतर सनातनी मंडळींनी तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून पाण्याची ‘शुद्धी’ केली आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरली. तिच्यापूर्वीच काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा लावून तळ्यावर जाण्यास तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. २५ डिसेंबरच्या अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी या लढ्याचा अर्थ सांगितला. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने कोणी अमर होणार नाही आणि ते न प्यायल्याने आजवर कोणी मेलेही नाही. तळ्यावर जायचे ते आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी, असे त्यांचे प्रतिपादन होते. या परिषदेची तुलना त्यांनी १७८९ मधील फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. त्याचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. ते जन्माने ब्राह्मण होते. तळ्यावर जाण्याचा निर्धार करून नाव नोंदवलेल्या सत्याग्रहींची संख्या ३,८८४ होती. तथापि न्यायालयाचा हुकूम मोडायचा नाही असे ठरवून सत्याग्रह तहकूब करण्यात आला आणि तळ्याभोवती शांततेने मिरवणूक काढण्यात आली.

महाडने आंबेडकरांना दोन गोष्टी दाखवून दिल्या. कागदावरचा ठराव माणसाला पाणी देत नाही, ही पहिली. आणि हक्क बजावल्याखेरीज समोरच्याला आपल्या वागणुकीचा विचारच करावा लागत नाही, ही दुसरी. या दोन्ही निष्कर्षांवर १९३२चे पत्र उभे आहे.

पत्रातील कार्यक्रम

आरंभी आंबेडकर समाजसुधारणेच्या दोन रीती सांगतात. पहिल्या रीतीनुसार माणसाच्या दुःस्थितीला त्याचे स्वतःचे दुर्गुण कारण असतात. म्हणून त्याला व्यसनमुक्ती, व्यायाम, सहकार, वाचनालये, शाळा यांच्या योगे सुधारावे. दुसऱ्या रीतीनुसार दुःस्थितीचे मूळ भोवतालच्या परिस्थितीत असते. पहिल्या रीतीने थोड्या व्यक्ती वर येतील, वर्ग वर येणार नाही. संघाने आपली शक्ती निवडक व्यक्तींवर न वेचता दुसरी रीत धरावी, असा त्यांचा आग्रह आहे.

त्यानुसार सुचवलेला पहिला कार्यक्रम नागरी हक्कांच्या मोहिमेचा आहे. गावच्या विहिरीवर पाणी भरणे, गावच्या शाळेत बसणे, चावडीत प्रवेश मिळणे, सार्वजनिक वाहनांतून प्रवास करणे हे त्यातील हक्क. ही यादी विलक्षण साधी आहे. तीत मंदिरप्रवेशाचा समावेश नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. उपोषणानंतर देशभर मंदिरप्रवेशाचीच चर्चा चालू असताना आंबेडकरांनी विहीर, शाळा, चावडी आणि गाडी यांना अग्रक्रम दिला. या मोहिमेतून खेड्यापाड्यांत तंटे उद्भवतील, डोकी फुटतील, हे ते लपवत नाहीत. संख्येने थोडे असल्यामुळे मार अस्पृश्यांनाच बसेल, पोलीस आणि दंडाधिकारी सवर्णांतूनच आलेले असल्याने न्याय मिळणे दुरापास्त होईल आणि वर बहिष्काराचे शस्त्र उगारले जाईल, असेही ते बजावतात. म्हणूनच गावोगाव पाठीशी उभे राहणारे आणि कोर्टकचेरीत साह्य करणारे कार्यकर्ते त्यांना हवे होते.

दुसरा कार्यक्रम समान संधीचा. भाजी, दूध, लोणी विकून पोट भरण्याचा साधा मार्गही अस्पृश्याला बंद आहे, कारण त्याच्या हातचे कोणी घेत नाही, हे ते दाखवून देतात. मुंबईच्या कापड गिरण्यांतील त्यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. तेथे अस्पृश्य कामगारांना अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात घेतले जात नसे. धोट्यात नवी कांडी बसवताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले तो हाती धरण्यास इतर कामगार तयार नसत. यंत्रयुगाने जात मोडेल असे मानणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचे आहे. याच संदर्भात आंबेडकर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी तुलना करतात: भरभराटीच्या दिवसांत सर्वांत शेवटी कामावर घेतला जाणारा आणि पडत्या काळात सर्वांत आधी काढून टाकला जाणारा मजूर दोन्हीकडे सारखाच आहे.

तिसरा कार्यक्रम सामाजिक सहवासाचा. स्पृश्यांच्या मनातील किळस सवयीच्या अभावी टिकून आहे. एकत्र जगण्याची सवय लागली की ती ओसरेल. त्यासाठी अस्पृश्यांना पाहुणा म्हणून किंवा निदान घरातील नोकर म्हणून तरी प्रवेश द्यावा, असे पत्र सुचवते. गांधींच्या उपोषणाच्या काळात सहभोजनात भाग घेणाऱ्या काही सवर्ण घरांतील नोकरांनी काम बंद केले होते. अशा वेळी त्या नोकरांच्या जागी अस्पृश्य नोकर ठेवले जातील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मालकांनीच नोकरांपुढे मान तुकवली, याकडे आंबेडकर लक्ष वेधतात. अशा सोयीच्या मित्रांचा कितपत उपयोग, हा त्यांचा प्रश्न आहे.

निव्वळ उपदेशाने सवर्णांचे वर्तन बदलेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. रूढीला धक्का देणारी प्रत्यक्ष कृती झाली तरच माणसाला विचार करणे भाग पडते. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर आणि मलबारातील गुरुवायूर येथील प्रत्यक्ष कृतीने थोड्या दिवसांत जे साधले ते सुधारकांच्या प्रदीर्घ उपदेशाने साधले नसते, असे त्यांनी लिहिले आहे.

न्याय आणि प्रेम

पत्राच्या शेवटी येणारे न्याय-प्रेमाचे विधान तीन पायऱ्यांचे आहे. पहिली पायरी: कायदा, त्यातही संयुक्त मतदारसंघांसारखा निवडणुकीचा कायदा, दोन समाजांना जोडून ठेवू शकत नाही. पुणे करारावर स्वाक्षरी करून जेमतेम सात आठवडे झालेल्या, आणि पुढे स्वतः कायदेमंत्री झालेल्या माणसाचे हे वाक्य आहे. दुसरी पायरी: जोडणारे बळ एकच, ते प्रेमाचे. तिसरी पायरी: कुटुंबाच्या कक्षेबाहेर हे प्रेम न्यायाच्याच वाटेने येते, म्हणून स्पृश्याने अस्पृश्याला न्याय द्यावा आणि तो देत नसेल तर त्याला तो द्यायला लावावा, हे संघाचे कर्तव्य आहे.

यातील दुसरी पायरी सुटी उचलली तर आंबेडकर सद्भावनेचा सर्वसामान्य उपदेश करत आहेत असा ग्रह होतो आणि पत्राचा अर्थ जवळजवळ उलटा होतो. तिसरी पायरीच निर्णायक आहे. कुटुंबात माया आधी असते. आई मुलाला घास भरवताना हक्काचा हिशेब करत नाही. परक्या माणसांमध्ये अशी माया गृहीत धरता येत नाही. ज्याला विहिरीवरून हाकलले जाते त्याने हाकलणाऱ्यावर प्रेम करावे आणि हाकलणाऱ्याच्या मनात प्रेम उपजेपर्यंत तहान आवरावी, ही अपेक्षा आंबेडकरांना अन्यायाचेच दुसरे रूप वाटत होती. विहीर आधी मोकळी व्हावी. तिच्या काठावर शेजारधर्म नंतर वाढेल, असा हा क्रम आहे.

मराठी संतपरंपरेच्या पार्श्वभूमीवर या क्रमाचे वेगळेपण अधिक ठसते. ज्ञानेश्वरांच्या पसायदानात जीवमात्रांच्या परस्पर मैत्रीचे मागणे आहे, वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. तरीही संत चोखामेळा पंढरपूरच्या महाद्वाराबाहेरच राहिले आणि त्यांची समाधी नामदेव पायरीपाशी आहे. देवापुढे सारी माणसे समान असल्याचे संतांनी सांगितले, माणसापुढे माणूस समान असल्याचा लढा दिला नाही, असा आक्षेप आंबेडकरांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथाच्या संदर्भात गांधींना दिलेल्या उत्तरात घेतला. मात्र संतांविषयी त्यांना अनादर होता असे नव्हे. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे.

पत्रात प्रेमाचा उल्लेख आणखी एका ठिकाणी येतो, तो कार्यकर्त्यांच्या संदर्भात. सेवा तोच करू शकतो जो प्रेम करतो, या आशयाचे टॉलस्टॉय यांचे मत उद्धृत करून आंबेडकर सुचवतात की संघाचे कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्य वर्गांतूनच घ्यावेत, कारण पगारापलीकडची आस्था त्यांच्यापाशी असण्याचा संभव अधिक.

प्रतिसाद

पत्राची साधी पोचही आपल्याला मिळाली नाही, अशी नोंद आंबेडकरांनी पुढे केली. संघाच्या कार्याचा भर शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, विहिरी बांधणे अशा सेवाकार्यावर राहिला. नव्या स्वतंत्र विहिरी बांधल्याने पाण्याची अडचण दूर होत होती, गावची विहीर मात्र होती तशीच राहत होती. मध्यवर्ती मंडळातून आंबेडकर बाहेर पडले. संघाच्या व्यवस्थापनात अस्पृश्यांना स्थान असावे ही मागणी पुढे आली, तेव्हा अस्पृश्यता हे सवर्णांचे पाप असून हा संघ त्यांच्या प्रायश्चित्तासाठी आहे, ही गांधींची भूमिका होती. प्रायश्चित्ताच्या या कल्पनेत कर्ता सवर्णच राहतो आणि अस्पृश्य हा त्याच्या पुण्याचे निमित्त ठरतो, हे आंबेडकरांचे दुखणे होते. ठक्कर आणि संघाचे असंख्य कार्यकर्ते आयुष्यभर निष्ठेने झिजले, हे तितकेच खरे आहे. १९४५ मध्ये ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात आंबेडकरांनी हे पत्र प्रसिद्ध केले.

हृदयपरिवर्तनाच्या मार्गाला महाराष्ट्रात यश आल्याचे ठळक उदाहरण मे १९४७ मधील आहे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. त्या यशामागे गुरुजींच्या निर्मळ प्रेमाइतकाच त्यांनी प्राण पणाला लावून आणलेला दबावही होता. म्हणजे आंबेडकरांच्या भाषेत, न्याय द्यायला लावले गेले.

ठाणे जिल्ह्याशी संबंध

पत्र लिहिले गेले त्या दिवशी चवदार तळ्याचा दावा ठाणे येथील न्यायालयात प्रलंबित होता. महाडच्या दुय्यम न्यायाधीशांनी ८ जून १९३१ रोजी सवर्ण वादींचा दावा फेटाळल्यावर त्यांनी ठाण्यास अपील केले होते. ३० जानेवारी १९३३ रोजी ठाणे येथील सहाय्यक न्यायाधीशांनी ते फेटाळले. वादी उच्च न्यायालयात गेले. ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दाव्यात १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही, असा निष्कर्ष काढून अपील फेटाळण्यात आले. म्हणजे पाण्याच्या एका ओंजळीचा हक्क मान्य होण्यास २० मार्च १९२७ पासून जवळजवळ दहा वर्षे लागली.

महाडच्या हल्ल्यानंतर दीड महिन्यातच, मे १९२७ मध्ये, बदलापूर येथील शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षस्थान आंबेडकरांनी भूषवले. त्यांना निमंत्रण देण्यात पालये शास्त्री यांचा पुढाकार होता. जेथे बरोबरीच्या नात्याने बोलावले जाते तेथे जाण्यास त्यांची आडकाठी नव्हती. मे १९३६ मध्ये कल्याण येथील सभेत ते धर्मांतराच्या प्रश्नावर बोलले. येवले येथे १९३५ मध्ये केलेल्या घोषणेमागची कारणे त्यांनी त्या वेळी स्वतःच्या आयुष्यातील अवहेलनेच्या प्रसंगांच्या आधारे श्रोत्यांपुढे मांडली.

पुढील लेखनातील विस्तार

१९३२ च्या पत्रात ‘प्रेम’ हा शब्द होता. नंतरच्या लेखनात त्याची जागा आधी ‘बंधुता’ आणि मग ‘मैत्री’ या शब्दांनी घेतली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ मध्ये लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात (हेच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ होय) त्यांनी लोकशाहीचा अर्थ सहजीवनाची रीत असा केला. सोबतच्या माणसांविषयीचा आदर हे तिचे सार आहे आणि बंधुता हे तिचेच दुसरे नाव आहे, असे त्यांनी तेथे म्हटले आहे. ‘हिंदू धर्माचे तत्त्वज्ञान’ या त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या लेखनात न्यायाची व्याख्याच स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांच्या एकत्रित रूपात केलेली आढळते. येथे प्रेम हे न्यायाचे फळ न राहता त्याचे अंग बनते. पत्रातील विचारापेक्षा ही एक पायरी पुढची आहे.

याच काळातील ‘रिडल्स इन हिंदुइझम’ मध्ये ते आणखी एक दुरुस्ती करतात. स्वातंत्र्य आणि समता यांना टिकवून धरणारी शक्ती म्हणजे सहभाव. फ्रेंच क्रांतिकारकांनी तिला बंधुता म्हटले, पण तो शब्द अपुरा आहे, बुद्धाने वापरलेला ‘मैत्री’ हाच यथार्थ शब्द होय. बंधुता म्हटले की भावांचे नाते आले, त्यात परका बाहेर राहण्याचा धोका आला. मैत्रीला असे कुंपण नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ (१९५७, मरणोत्तर प्रकाशित) या ग्रंथात करुणा म्हणजे मनुष्यमात्रावरील प्रेम आणि मैत्री म्हणजे जीवमात्रावरील प्रेम असा भेद केलेला आहे. यातली कोणतीही कल्पना ‘दया’ या शब्दाने भागत नाही, कारण दया करणारा वरच्या पायरीवर उभा असतो. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी आपले सामाजिक तत्त्वज्ञान याच तीन शब्दांत सांगितले आणि ते फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतले असल्याचे स्पष्ट केले. महाडच्या मंडपात १७८९ ची आठवण देणाऱ्या वक्त्याचा हा सत्तावीस वर्षांचा प्रवास होता.

संविधान आणि कायदा

संविधान सभेच्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुतेचा उल्लेख नव्हता. मसुदा समितीने तो उद्देशिकेत घातला आणि २१ फेब्रुवारी १९४८ रोजी मसुदा सादर करताना आंबेडकरांनी राजेंद्र प्रसाद यांना लिहिलेल्या पत्रात त्याचे कारण दिले: देशात बंधुभावाची निकड पूर्वी कधी नव्हती एवढी आज आहे. फाळणीचा हिंसाचार आणि ३० जानेवारीची गांधीहत्या ताजी होती. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीच्या समारोपाच्या भाषणात त्यांनी बंधुता म्हणजे सर्व भारतीयांची परस्परांविषयीची एकत्वाची भावना असे सांगून, तिच्या अभावी समता आणि स्वातंत्र्य रंगाच्या पातळ लेपासारखी उरतील, असा इशारा दिला.

१९३२ च्या पत्रातील विहीर संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये जवळजवळ तशीच उतरली आहे. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत धर्म, जात, लिंग इत्यादी कारणांवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे त्याच्या दुसऱ्या खंडात म्हटले आहे. त्यातील ‘तलाव’ हा शब्द वाचताना महाडची आठवण होणे अपरिहार्य आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाचे नाव १९७६ मध्ये बदलून नागरी हक्क संरक्षण अधिनियम करण्यात आले. या नामांतराला अर्थ होता: गुन्ह्याचा भर ‘अस्पृश्या’वरील दोषावरून नागरिकाच्या हक्कावर आला. आंबेडकरांनी ठक्करांना सुचवलेल्या पहिल्या कार्यक्रमाचे नावही नागरी हक्कांची मोहीम हेच होते.

अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीशी साम्य

कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकलेल्या आंबेडकरांचे अमेरिकेतील वर्णभेदाकडे लक्ष होते. जुलै १९४६ मध्ये त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने केल्या जाणाऱ्या अर्जाची प्रत मागितली होती आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता.

ठक्करांना लिहिलेल्या पत्रातील सार्वजनिक वाहनाचा मुद्दा तेवीस वर्षांनी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात पेटला. ५ डिसेंबर १९५५ रोजी बस-बहिष्काराच्या पहिल्या जाहीर सभेत मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) यांनीही प्रेमाच्या जोडीला न्याय उभा असतो असे सांगून, केवळ मन वळवणे पुरेसे नाही, भाग पाडण्याची साधनेही वापरावी लागतात, असे प्रतिपादन केले होते. किंग यांची प्रेमाची कल्पना ख्रिस्ती धर्मश्रद्धेतून आणि साधने गांधींपासून आलेली होती. आंबेडकर वेगळ्या वाटेने त्याच जागी पोहोचले होते. फरक असा की, किंग अन्याय करणाऱ्यावरही आधीपासूनच प्रेम करण्यास सांगतात, आंबेडकर ते ओझे पीडिताच्या खांद्यावर ठेवत नाहीत. १९५९ मध्ये किंग भारतात आले तेव्हा आंबेडकरांना जाऊन दोन वर्षे झाली होती. पुढे १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी दलित पँथर स्थापन केली. तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले होते.

प्रकाशन

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस’ या मालेच्या नवव्या खंडात १९४५ च्या ग्रंथासह हे पत्र उपलब्ध आहे. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ याच मालेच्या चौथ्या खंडात १९८७ मध्ये प्रथम प्रकाशित झाले.